सही कोणाची, कागद कोणाच्या हाती?



सरपंचावर अविश्वास आणण्याची गोष्ट निघाली की बारामती-इंदापूरच्या गावांतून एक वाक्य ऐकू येते : “बाहेरच्यांनी आमच्या गावात पडू नये.” हे वाक्य म्हणजे कायदा नव्हे. त्यात दोन निराळे प्रश्न गुंतले आहेत.

पहिला प्रश्न मताचा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या ३५व्या कलमान्वये अविश्वासाची सूचना पंचायतीचे सदस्यच तहसीलदारांना देतात. सरपंच जनतेतून थेट निवडलेला असेल, तर तीन-चतुर्थांश सदस्यांचा ठराव पुरत नाही. ग्रामसभेने गुप्त मतदानाने त्यास मान्यता द्यावी लागते. तेथे मत केवळ गावच्या यादीतील मतदारांचे. येथे रहिवासाची अट आहे, आणि ती रास्त आहे.

दुसरा प्रश्न समजावून सांगण्याचा. अमेरिकेच्या काही राज्यांत लोकप्रतिनिधीस परत बोलावण्यासाठी घरोघर अर्ज फिरवून सह्या घेतात. मिशिगन राज्यात अर्ज फिरविणाराही त्याच मतदारसंघाचा मतदार असावा, अशी अट होती. २००८ साली संघीय न्यायालयाने तिच्या अंमलास मनाई केली. सही मागणे हे राजकीय भाषणच होय. लबाडीची भीती असेल, तर सह्या तपासाव्यात, बोलणाऱ्याचे तोंड बांधू नये, असा त्यामागील विचार. सर्वच न्यायालयांनी तो स्वीकारला नाही : जनमताच्या अर्जांसाठी नॉर्थ डकोटाने घातलेली राज्य-रहिवासाची अट २००१ साली टिकली.

आपल्या संविधानाचा १९वा अनुच्छेद भाषणाचे आणि देशभर संचाराचे स्वातंत्र्य प्रत्येक नागरिकास देतो. म्हणून शेजारच्या गावचा वकील वा कार्यकर्ता तुम्हांस कायदा समजावून सांगू शकतो. घटनेने गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानला, याचे समाधान बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत व्यक्त केले होते, ते विसरू नका.

पण सल्ला कोणाचाही घ्या, मत तुमचेच लागेल. ऊसतोडीस वा मजुरीस काही महिने बाहेर गेल्याने रहिवास तुटत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाचे २०वे कलम तसे सांगते. मात्र गावात नुसते घर असणे पुरेसे नाही. रहिवास संपला म्हणून नाव वगळावयाचे झाल्यास, त्यापूर्वी तुमचे म्हणणे ऐकावेच लागते. हे २२व्या कलमाचे बंधन आहे. नोटीस आली, तर ती न वाचता चुलीमागे खोचून ठेवू नका. ठरल्या दिवशी हजर राहा.

ग्रामसभेच्या दिवशी यादीत नाव नसेल, तर बाहेरचे तुम्हीच ठराल. म्हणून यादी आजच पाहा.