शनिवारचा मारवा, रविवारची मारवी



आम्ही अंबरनाथचे रहिवासी. गाडीने कर्जतकडे निघाले की बदलापूर, कल्याणकडे निघाले की उल्हासनगर. गेल्या माघातील एका शनिवारी बदलापुरास एका स्नेह्यांच्या घरी गायनाची बैठक होती. पंधरावीस श्रोते, दोन तंबोरे आणि सूर्यास्ताची वेळ. बुवांनी मारवा आरंभिला. या रागात पंचम वर्ज्य. षड्जावरही गायक सहसा विसावत नाही, ऋषभ-धैवतांवरच घोटाळत राहतो. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा संपत येत, कान षड्जाची वाट पाहत, आणि बुवा पुन्हा दूर निघून जात. तासभर कोणी जागचे हालले नाही. चहा निवून गेला तो गेलाच.

रविवारचे बोलावणे उल्हासनगरहून, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. तीस वर्षे शिक्षकी केली, परंतु कापडखरेदीवाचून आम्ही तेथे पाऊल टाकले नव्हते. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या त्या वसाहतीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले; आमच्या तोंडी मात्र ‘कॅम्प’ हाच शब्द. हाच विद्यार्थी एकदा वर्गात सिंधी गाणे म्हणू लागला, तेव्हा ‘हे येथे नको’ म्हणून आम्ही त्यास खाली बसविले होते.

एका संतांची पुण्यतिथी होती. तिला ते ‘वर्सी’ म्हणतात. भर रस्त्यात मांडव, शेकडो माणसे, पोरांचा गलका, कर्णे. पायघोळ जामा, डोक्यास पगडी, पायांत घुंगरू अशा वेषात भगत उभा राहिला. तो गातो, नाचतो, मध्येच कथा सांगतो. आपल्या कीर्तनकारांचा चुलतभाऊच म्हणा ना! कथा मारवीची, शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्यातली. उमर राजाने तिला पळवून नेले, रेशमी वस्त्रे पुढे केली. पण मलीर या आपल्या मुलखाची जाडीभरडी वस्त्रे तिने अंगावेगळी केली नाहीत. विद्यार्थी आमच्या कानाशी अर्थ सांगत होता. एके ठिकाणी तो थांबला. पाहतो तो शेजारचे ऐंशीच्या घरातले गृहस्थ डोळे पुशीत होते. फाळणीच्या वेळी ते कडेवरचे मूल असतील. मारवा आणि मारवी हे नामसादृश्य योगायोगाचेच. तरी आदल्या सायंकाळचा तो लांबलेला षड्ज आम्हांस तेथे आठवला.

निघताना आम्ही विद्यार्थ्यास वर्गातल्या त्या गाण्याविषयी विचारले. ‘गुरुजी, तो दिवस आठवतो,’ तो म्हणाला, ‘शब्द मात्र गेले.’

पुढील स्नेहसंमेलनात भगताचा कार्यक्रम ठेवावा, अशी विनंती आम्ही कार्यकारी मंडळास केली आहे. निम्मा खर्च आमच्याकडे.