पाण्यातील इंधन, काचेवरचा थर
(मानपाडा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



मानपाड्यातील कोणत्याही इमारतीच्या गच्चीवर भर दुपारी अनवाणी पाय ठेवला, की ऊर्जेच्या प्रश्नाचे उत्तर चटका देऊनच मिळते. 100 चौरस मीटरच्या गच्चीवर चांगल्या उन्हाच्या दिवशी सुमारे 500 युनिट ऊर्जा पडते. तरीही देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. ऊन दारात आणि इंधन समुद्रापलीकडे, अशी ही विसंगती आहे.

ती दूर करण्याचा एक मार्ग पाण्यातून जातो. 9 लिटर पाण्याचे विघटन केले, तर 1 किलो हायड्रोजन मिळतो. त्यात सुमारे 33 युनिट ऊर्जा असते आणि तो जळला की पुन्हा पाणीच होते. हे विघटन थेट सूर्यप्रकाशाने करता येईल, हे 1972 साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडले. टायटॅनियम डायऑक्साइड या अर्धवाहकावर प्रकाश पडला, की त्यातील इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे धन भाराची पोकळी उरते. ती पोकळी पाण्यातून ऑक्सिजन मोकळा करते. तर तारेतून पलीकडच्या प्लॅटिनमवर पोहोचलेला इलेक्ट्रॉन हायड्रोजन घडवतो.

मग अडले कुठे? टायटॅनियम डायऑक्साइड टिकाऊ खरे, पण ते केवळ अतिनील किरण शोषते आणि उन्हात त्यांचा वाटा जेमतेम 4 ते 5 टक्के. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश शोषते, पण पाण्यात उजेड पडताच स्वतःच झिजू लागते. लोहाचा ऑक्साइड, म्हणजे साधा गंज, स्वस्त आणि निरुपद्रवी. पण त्यातील पोकळी काही नॅनोमीटर अंतर कापण्यापूर्वीच विरून जाते. थर जाड केला तर भार वाया जातो, पातळ केला तर प्रकाश निसटतो. साऱ्या संशोधनाची कसोटी या पेचात आहे.

या कसोटीला महाराष्ट्रातही साधक लाभले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग पातळ थरांच्या संशोधनासाठी ओळखला जातो. तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून थर बसवण्याच्या पद्धतीवर प्रा. पी. एस. पाटील यांचा आढावा 1999 साली, तर द्रावणात काच बुडवून थर चढवण्याच्या पद्धतीवर आर. एस. माने आणि प्रा. सी. डी. लोखंडे यांचा आढावा 2000 साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या पद्धतींना महागडी निर्वात यंत्रे लागत नाहीत. साधनांची उणीव चिकाटीने भरून काढण्याचा हा वस्तुपाठ आहे.

मात्र अभिमानाला हिशेबाची जोड हवी. 1998 साली अमेरिकेत खासेलेव आणि टर्नर यांनी 12.4 टक्के कार्यक्षमता गाठली, पण महागड्या पदार्थांच्या बळावर. 2021 साली जपानमध्ये काझुनारी डोमेन यांच्या गटाने 100 चौरस मीटरचा फलक उघड्यावर चालवून दाखवला. त्याची कमाल कार्यक्षमता होती 0.76 टक्के. मानपाड्याच्या त्या गच्चीवर एवढ्याने दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास हायड्रोजन मिळेल. त्याच गच्चीवर नेहमीचे सौर फलक बसवून त्या विजेने पाण्याचे विघटन केले, तर सुमारे दीड किलो. थेट पद्धतीला मैदान मारायचे, तर स्वस्त थराने 10 टक्के कार्यक्षमता गाठली पाहिजे आणि वर्षानुवर्षे टिकलेही पाहिजे.

केंद्र सरकारने जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन उत्पादन हे त्याचे लक्ष्य. हा पल्ला प्रामुख्याने विजेवर चालणाऱ्या विघटन यंत्रांनीच गाठावा लागेल. म्हणून काचेवरच्या थराचे काम थांबवायचे काय? मुळीच नाही. आज बाहेरची यंत्रे आणून उद्दिष्ट गाठता येईल. पण उद्याचा पदार्थ ज्याच्या प्रयोगशाळेत जन्मेल, त्याच्याच हाती इंधनाची किल्ली राहील.

मानपाड्यातील घराघरांत विज्ञान शाखेला जाणारी मुले आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने नोकरीची घाई न करता दहा वर्षे एका थरामागे घालवायची ठरवली, तर घरच्यांनी त्याला वेडा म्हणू नये. एवढे बळ समाजाने दिले, तरी पुष्कळ आहे.