तेरा पोपटांचें रान

आंब्याच्या शेंड्यावर किंवा जुन्या भिंतीच्या भोकापाशीं बसलेला पोपट सर्वांच्या ओळखीचा आहे. परंतु घनदाट अरण्यांतील पोपट मोजणें ही सोपी गोष्ट नव्हे. हिरव्या पानांत हिरवा पक्षी दिसत नाहीं. घरट्यापाशीं तो बहुधा मौन पाळतो. आणि एकच थवा दोनदां मोजला जाण्याचा संभव असतो. तरीहि हें काम किती मोलाचें आहे याची साक्ष कॅरिबियन समुद्रांतील पोर्तो रिको बेटावर मिळते.

या बेटाच्या पोपटाचें कपाळ तांबडें, पंखांच्या कडा निळ्या आणि लांबी सुमारें एक फूट असते. तेथील मूळच्या ताइनो लोकांनीं त्याला 'इग्वाका' हें नांव दिलें. १४९३ सालीं स्पॅनिश लोक आले तेव्हां तो बेटभर होता. पुढें शेतीसाठीं रानें तुटलीं, कोळशासाठीं जुनीं झाडें पडलीं आणि पिलें विकण्यासाठीं ढोल्या फोडल्या गेल्या. अखेर पूर्वेकडील लुकीयो पर्वताच्या अरण्यांतच तो उरला. आणि १९७५ सालीं रानांतील पोपट अवघे १३ भरले!

मोजणीसाठीं झाडांच्या शेंड्यांवर मचाणें बांधण्यांत आलीं. तेथें निरीक्षक एकाच वेळीं बसून, थवा किती वाजतां, कोणत्या दिशेनें गेला व त्यांत किती पक्षी होते, हें टिपून ठेवीत. सर्वांचीं टिपणें ताडून पाहिलीं म्हणजे दुहेरी मोजणी टळे.

पण संख्येवरून पक्षी किती हें कळतें. कमी कां, हें कळत नाहीं. त्यासाठीं नोएल स्नायडर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत घरट्यांजवळ दडून दीर्घकाळ पहारा केला. इग्वाका 'पालो कोलोराडो' नांवाच्या जुनाट वृक्षांच्या ढोलींत अंडीं घालतो. परंतु कोरड्या, खोल ढोल्या फारच थोड्या उरल्या होत्या. शिवाय पांढुरक्या डोळ्यांचा थ्रॅशर पक्षी ढोल बळकावून अंडीं-पिलें नासवी. या थ्रॅशरला ढोलीचा तळ दिसावा लागतो. पोपटाला अंधारी, खोल ढोलहि चालते. हें ध्यानीं येतांच पोपटांसाठीं तशा खोल ढोल्या तयार करण्यांत आल्या आणि शेजारीं थ्रॅशरच्या जोडप्यासाठीं एक उथळ पेटी टांगली. तें जोडपें आपल्या हद्दींत दुसऱ्या थ्रॅशरला येऊं देईना. शत्रूच राखणदार झाला!

संकटें मात्र संपलीं नाहींत. १९८९ च्या ह्यूगो वादळानें तेथील सुमारें ४७ पोपटांपैकीं निम्मेच उरले. तेव्हां सारें भांडवल एकाच रानांत ठेवणें किती धोक्याचें, हें उघड झालें. पिंजऱ्यांत वाढविलेले पक्षी २००६ पासून बेटाच्या दुसऱ्या भागांत, रिओ आबाखोच्या चुनखडी डोंगरांतील रानांतहि सोडण्यांत येऊं लागले. २०१७ च्या मारिया वादळानें लुकीयोचे मुक्त पोपट जवळजवळ नाहींसे केले. रिओ आबाखोचा थवा मात्र, हानि सोसूनहि, तगला. लुकीयोच्या रानांत २०२० मध्यें पुन्हां पक्षी सोडण्यांत आले.

पक्षी वांचवावयाचा तर त्याची गणती हवीच. पण तो कोठें निजतो, काय खातो, कोणाला भितो, हें जाणल्यावांचून ती गणती म्हणजे निव्वळ मृत्यूची नोंदवही होय.