सागरतळाच्या धनाचा हिशेब



2020 च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात सुमारे तीन हजार टन सोने सापडल्याची वार्ता देशभर पसरली. रिझर्व्ह बँकेजवळ त्या वेळी जेवढे सोने होते, त्याच्या जवळजवळ पाचपट हा आकडा. वृत्तपत्रांनी ठळक मथळे दिले, दूरचित्रवाणीवर चर्चा रंगल्या. लगेच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा खुलासा आला. सर्वेक्षणाचा अंदाज सुमारे 52,800 टन खनिजाचा होता आणि त्या खनिजात दर टनामागे सरासरी 3.03 ग्रॅम सोने होते. गुणाकार केला की उत्तर येते 160 किलो. कोठे तीन हजार टन आणि कोठे 160 किलो! हा गुणाकार शालेय विद्यार्थ्यालाही जमला असता. पण मथळा देण्याच्या घाईत तो कोणी केला नाही.

पुढे फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात 59 लाख टन लिथियमचा साठा मिळाल्याचे जाहीर झाले. त्या घोषणेत ‘अनुमानित’ हा शब्द स्पष्टपणे होता. वर्गवारीत तो ‘जी-3’ म्हणजे प्राथमिक शोधाच्या पायरीवरचा होता. ‘59 लाख’ सर्वांच्या लक्षात राहिले, ‘अनुमानित’ कोणाच्याच राहिले नाही. 2024 मध्ये त्या पट्ट्याचा लिलाव पुरेसे पात्र बोलीदार न मिळाल्याने रद्द करावा लागला.

ही उदाहरणे भूमीवरची. तेथे खडकाला हात लावता येतो, भोक पाडून नमुना काढता येतो. तरीही फसगत होते. बदलापूरच्या नव्या वसाहतींत ज्यांनी कूपनलिका खणली, त्यांना हे सांगावयास नको. एका भूखंडात पाणी लागते आणि कुंपणापलीकडे तेवढ्याच खोलीवर कोरडा काळा पाषाण निघतो. मग ज्या भूमीवर पाच किलोमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा आहे, तिच्या पोटातील धनाचा हिशेब कसा मांडावयाचा? आजचा विषय हा आहे.

हिंदी महासागराच्या मध्यवर्ती खोऱ्यात, पाच ते सहा हजार मीटर खोलीवर, बटाट्याएवढे काळे गोटे विखुरलेले आहेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट आहे. एखाद्या कणाभोवती थरावर थर साचत हे गोटे वाढतात, आणि ही वाढ दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढीच असते. गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या नौकेने 26 जानेवारी 1981 रोजी, म्हणजे नेमक्या प्रजासत्ताक दिनी, असा पहिला गोटा वर आणला. 1987 मध्ये भारताला ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून दीड लाख चौरस किलोमीटर सागरतळ शोधकार्यासाठी मिळाला. पुढे त्यातील अर्धा सोडून 75,000 चौरस किलोमीटर राखण्यात आला आणि 25 मार्च 2002 रोजी आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार झाला. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचा हा जवळजवळ चौथा हिस्सा.

या क्षेत्रात किती धन आहे? शासकीय आकडा 38 कोटी टन गोट्यांचा. त्यात निकेल सुमारे 47 लाख टन, तांबे 43 लाख टन, कोबाल्ट साडेपाच लाख टन आणि मँगनीज सव्वानऊ कोटी टन. सोनभद्रचा धडा घेऊन हा हिशेब उलटा करून पाहू. निकेल, तांबे आणि कोबाल्ट हे तीन मोलाचे धातू एकत्र केले तरी शंभर किलो गोट्यांमागे अडीच किलो भरतात. आणि 38 कोटी टन 75,000 चौरस किलोमीटरवर पसरले की दर चौरस मीटरला सरासरी पाच किलो येतात. या खोऱ्याच्या अभ्यासात उत्खननाचा विचार करण्याजोगी किमान घनता म्हणून बहुधा पाच किलोच धरले जातात. म्हणजे सरासरीच उंबरठ्यावर उभी आहे. काही ठिकाणी त्याहून पुष्कळ अधिक, काही ठिकाणी नगण्य. कोठे अधिक आणि कोठे नगण्य, हाच खरा प्रश्न आहे.

तो सोडविण्याची रीत समजून घेण्यासाठी आपलाच परिसर नजरेसमोर आणू. या सर्वेक्षणात अनेक भागांत नमुन्यांच्या स्थानकांमधील अंतर साडेबारा किलोमीटर होते. आरंभी त्याहून अधिक, निवडक भागांत नंतर कमी. विठ्ठलवाडी स्थानकापासून बदलापूर स्थानक सुमारे 12 किलोमीटरवर आहे. कल्पना करा, ढगांच्याही वर, पाच किलोमीटर उंचीवरून, गडद अंधारात विठ्ठलवाडीवर पंजासारखे पाच-सात सापळे सोडले. ते भूमीवर आदळले, मिटले आणि हाती लागेल ते घेऊन वर आले. तसेच पुढे बदलापूरवर सोडले. एका स्थानकावरील सर्व सापळ्यांनी मिळून स्पर्श केलेली जागा दोन चौरस मीटरही भरत नाही, आणि तिच्यावरून दीडशेहून अधिक चौरस किलोमीटरचे अनुमान करावयाचे. एकात उल्हासनगरच्या बाजारातील कापडाचा तुकडा आला, दुसऱ्यात उल्हास नदीकाठची माती. शके 982 मध्ये उभे राहिलेले अंबरनाथचे शिवमंदिर मधल्या मधे राहून गेले; त्याचा मागमूसही नाही.

तरीही हे अनुमान म्हणजे केवळ अंधारातील दगड नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत काम करणारे अभियंते डॅनी क्रीग यांनी 1951 मध्ये या प्रश्नाला गणिताची शिस्त लावली आणि फ्रान्सचे जॉर्ज माथेरॉं यांनी पुढे त्याचे शास्त्र केले. मूळ विचार साधा आहे. जवळची दोन ठिकाणे एकमेकांसारखी असतात, दूरची कमी. अंतराबरोबर हे सारखेपण किती वेगाने ओसरते, हे आधी नमुन्यांवरूनच मोजावयाचे आणि मग मधल्या जागेचा अंदाज करावयाचा. या रीतीचा मोठेपणा असा की, अंदाजाबरोबर तो किती चुकू शकेल हेही ती सांगते. पण घोषणेत अंदाज येतो. चुकीची मर्यादा अहवालाच्या आतल्या पानांत राहते. समजा, दर चौरस मीटरचा अंदाज शेकडा वीसने चुकला, तर साडेसात कोटी टनांचा फरक पडतो.

चूक एकाच दिशेची असते असेही नाही. सापळा मिटताना काही गोटे निसटतात, काही चिखलात गाडलेले असतात. छायाचित्रातही वरचेच दिसतात. त्यामुळे प्रत्यक्ष साठा अंदाजाहून अधिकही असू शकतो. उलट, पाण्यातून काढलेला ओला गोटा वाळला की त्याचे वजन पुष्कळ घटते. ओले वजन की सुके, हे न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी होय.

यात आपले काय पणाला लागले होते, हे पाहण्यासाठी वडिलोपार्जित शेतीची वाटणी आठवावी. एका भावाने वाटे करावेत, दुसऱ्याने आधी निवडावे, ही आपल्याकडील जुनी न्याय्य रीत. सागरतळाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातही नेमके हेच तत्त्व आहे. अर्जदाराने समान मोलाची दोन क्षेत्रे दाखवावयाची. एक जागतिक संस्थेकडे राखीव राहते, दुसरे अर्जदाराला मिळते. आणि मिळालेल्यातीलही अर्धे भारताने 2002 पर्यंत टप्प्याटप्प्याने सोडले. कोणते अर्धे ठेवावयाचे आणि कोणते सोडावयाचे, हे ठरविण्यास हाती होते ते हेच विरळ नमुने. वाटणी झाल्यावर, सोडलेल्या तुकड्यात उद्या कोणाला सुपीक माती लागली, तर तो तुकडा परत मागता येत नाही. गोव्याच्या वैज्ञानिकांनी वर्षानुवर्षे समुद्रावर राहून स्थानकांचे जाळे दाट केले, त्याचे मोल येथे कळते. मथळ्यांत त्यांना फारशी जागा मिळाली नाही.

शिवाय ‘आहे’ आणि ‘काढता येईल’ यांत मोठे अंतर आहे. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीत साठ्याला तीन अंक जोडतात: एक आर्थिक व्यवहार्यतेचा, दुसरा तांत्रिक अभ्यासाचा, तिसरा भूगर्भीय खात्रीचा. ‘111’ म्हणजे सिद्ध साठा; ‘333’ म्हणजे केवळ अनुमानित. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने 2021 मध्ये ‘वराह’ हे यंत्र 5,270 मीटर खोलीवर तळावर चालवून दाखविले. ही सिद्धी सामान्य नव्हे. पण तीव्र उतारावर यंत्र चढणार नाही, आणि त्या उतारावरचे गोटे हिशेबातून वजा होतात. धातूंच्या भावाचे तर विचारूच नये. निकेल आणि कोबाल्ट न लागणाऱ्या विद्युतघटांचा प्रसार होताच या गोट्यांचे गणित बदलले. पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात सल्फाइडच्या खाणीचा परवाना मिळविणारी ‘नॉटिलस’ कंपनी 2019 मध्ये दिवाळखोरीत गेली; सागरतळावरचे खनिज होते तेथेच राहिले, भागधारकांचे पैसे मात्र गेले.

केंद्र सरकारने जून 2021 मध्ये 4,077 कोटी रुपयांच्या ‘डीप ओशन मिशन’ला संमती दिली. हा करदात्यांचा पैसा आहे; त्यातून मिळणाऱ्या आकड्यापुढे त्याचा वर्ग आणि त्याच्या चुकीची मर्यादा छापून यावी, एवढी अपेक्षा रास्त ठरते. 2002 च्या कराराला 2017 मध्ये पाच वर्षांची आणि 2022 मध्ये आणखी पाच वर्षांची वाढ मिळाली. तो करार आजही शोधाचाच आहे, उत्खननाचा नव्हे.