जोडाक्षरांचे प्रथम वाचन



बाराखडी पाठ झाली, काना-मात्रा-वेलांटीची ओळख पक्की झाली, आता आपले मूल वाचू लागले अशा समाधानात घरची मंडळी असतात, तोच 'पुस्तक' हा शब्द समोर येतो आणि कालपर्यंत अस्खलित वाचणारे मूल 'पुसतक' असे म्हणून थबकते. या ठिकाणी पुष्कळ शाळांचा जो शिरस्ता आहे, म्हणजे क्य, ख्य, ग्य, घ्य अशी निरर्थक रांग फळ्यावर मांडून ती मुलांकडून गिरवून घ्यावयाची, तो माझ्या मते मुळातच उलटा आहे. कारण जोडाक्षराची अडचण हाताची नसून प्रथम कानाची आणि नंतर डोळ्याची आहे.

मूल शाळेत येते तेच मुळी जोडाक्षरे मुखात घेऊन. चिमणीच्या चिमण्या, मुंगीच्या मुंग्या, पाटीच्या पाट्या हे अनेकवचन त्याला कोणी शिकविलेले नसते. अक्का, आत्या, गल्ली, चप्पल हे शब्द तर दिवसभर त्याच्या जिभेवर असतात. आरंभ या ऐवजापासून व्हावा. 'पुस्' आणि 'तक' असा शब्द दोन टाळ्यांत तोडावा, 'स'मधला 'अ' गळला आहे हे मुलाला ऐकू यावे, आणि मगच फळ्यावर 'स'चा उभा दंड पुसून दाखवावा. ग, त, न, प, म ही दंडाची अक्षरे या रीतीने लवकर वश होतात. ट, ड, द, ह यांची गोष्ट निराळी. तेथे पाय मोडावा लागतो, किंवा दुसरे अक्षर त्यांना खाली बिलगते. प्राथमिक पुस्तकांतून 'विद्‌या' असे छापण्याचा प्रघात नवशिक्यास हितावहच आहे, परंतु दुकानाच्या पाटीवर त्याला 'विद्या' भेटणार, सबब दोन्ही रूपे शेजारी शेजारी दाखविणे जरूर आहे.

ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ साली बंगाली मुलांसाठी 'वर्णपरिचय' रचला, तेव्हा त्याचा दुसरा भाग त्यांनी जोडाक्षरांसाठी राखून ठेवला. या विषयाला एवढी ऐसपैस जागा हवी, हे त्या थोर शिक्षकाने ओळखले होते.

खरी कसोटी लागते ती लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम यांची फारकत होते तेथे. 'सूर्य' या शब्दात 'र' आधी उच्चारला जातो, पण त्याचा रफार बसतो 'य'च्या डोक्यावर. 'सूयर' असे वाचणारे मूल आपण दिलेला डावीकडून उजवीकडे जाण्याचा नियमच प्रामाणिकपणे पाळत असते. 'स्थिती'तली पहिली वेलांटी तर अर्ध्या 'स'च्याही आधी काढली जाते आणि ऐकू येते 'थ'नंतर. असा शब्द उच्चाराच्या क्रमाने सुटा करून, सू-र्-य, स्-थि-ती, असा खाली लिहावा. मुलाने आधी खालची ओळ वाचावी, मग वरची, आणि पुढे खालची ओळ पुसून टाकावी.

'र'चा तपशील सर्वांत शेवटी घ्यावा, कारण त्याची 'चक्र'मधली तिरपी रेघ वेगळी, 'राष्ट्र'मधले चिन्ह वेगळे, आणि रफाराखेरीज 'दऱ्या'मधले ते आडवे वळण आणखी वेगळे. 'दर्या' म्हणताना 'द'वर आघात येतो, 'दऱ्या' म्हणताना येत नाही. 'दर्या खवळला' आणि 'सह्याद्रीच्या दऱ्या' हे मुलांकडून आधी मोठ्याने बोलवून घ्यावे, आघात कोठे पडला ते त्यांनाच सांगू द्यावे, आणि त्यानंतर दोन्ही शब्द फळ्यावर लिहावेत.