सर्व्हरचा आलेख कसा वाचावा?

कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला असो की डोंबिवली एमआयडीसीतला, त्याचा हिशेब आणि ऑर्डरी आता बहुधा भाड्याच्या सर्व्हरवर असतात. ते यंत्र ऐरोलीच्या एखाद्या डेटा सेंटरमध्येही असेल. मालकाला त्याची तब्येत कळते ती भाराच्या आलेखावरून.

असा आलेख पाहण्याची पद्धत रुजवण्यात प्रोग्रॅमर टोबियास ओटिकर यांचा मोठा वाटा. 1994 मध्ये ते काम करत असलेल्या, इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात अवघ्या 64 किलोबिटची इंटरनेट जोडणी होती. तिच्यावर किती भार आहे हे सगळ्यांना दिसावे, म्हणून त्यांनी एमआरटीजी हे सॉफ्टवेअर लिहिले. दर पाच मिनिटांनी नवा आलेख! पुढे त्यांच्याच आरआरडीटूल या साधनाने जुन्या नोंदींची सरासरी काढून फाइल फुगू दिली नाही.

पण खरी मेख या सरासरीतच आहे. समजा, प्रोसेसर 20 सेकंद 100 टक्क्यांवर अडकला आणि बाकी वेळ 20 टक्क्यांवर राहिला. पाच मिनिटांची सरासरी येते जेमतेम 25 टक्के. रेघ शांत दिसते, गिऱ्हाइकाचे बिल मात्र अडकलेले असते. सेवा देणाऱ्याच्या ‘99.9 टक्के चालू’ या हमीतही महिन्याला सुमारे 43 मिनिटे बंद राहण्याची मुभा असतेच.

तेव्हा सेवा घेताना सरासरीबरोबर कमाल भाराची रेघही आवर्जून मागून घ्या.