पडद्यावरचा आपला मुलूख



शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलाय. तेव्हापासून अलकाच्या मनात एकच धास्ती बसली आहे: आपला किस्नाही असं काही करून बसणार नाही ना? किस्ना गप्प गप्प राहिला, एकटाच शेताकडे निघाला, की तिच्या काळजात धस्स होतं. मग ती लहानग्या दिनूला बापाच्या मागावर धाडते, सासूलाही लक्ष ठेवायला लावते. बाप पुढं, पोरगा मागं. किस्नाला यातलं काही ठाऊक नाही. त्याचं सारं ध्यान पेरणीकडे आणि आभाळाकडे. सतीश मनवर यांच्या २००९ सालच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ची ही गोष्ट. गिरीश कुलकर्णी किस्ना झाले आहेत, सोनाली कुलकर्णी अलका.

विषय ऐकूनच पुष्कळ जण मागं सरतात. दिवसभर राबून आलेल्या माणसानं तेच दुःख पुन्हा तिकीट काढून कशाला पाहायचं, असं विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण हा चित्रपट पाहताना माणूस चक्क हसतो. बापाची पाठ न सोडणारा दिनू पाहून हसू येतं, आणि हसता हसताच ध्यानात येतं, की हे एवढंसं पोर कशाची राखण करतंय. हसू आणि धास्ती एकाच दृश्यात नांदवणं हे फार अवघड काम दिग्दर्शकानं साधलं आहे. ते कळायला चित्रपटकलेवरची पुस्तकं वाचलेली असावी लागत नाहीत.

वाशीम जिल्ह्यातल्या माणसाला तर नाहीच नाही. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वर्धा यांच्या जोडीला वाशीम होता. रिसोड-मालेगावकडचा सोयाबीन पेरणारा असो की मानोरा-कारंज्याकडचा कापसाचा शेतकरी, दुबार पेरणी म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. उसनवारीचं बियाणं मातीत गेलं, पावसानं पाठ फिरवली आणि घरातली बाई बोलेनाशी झाली, एवढं पडद्यावर दिसलं की पुढचं त्याचं त्याला कळतं. शहरातल्या समीक्षकाला जिथं चार टिपा लागतात, तिथं हा प्रेक्षक आधीच पोचलेला असतो. विचार करायला लावणारे चित्रपट जाणकारांसाठीच असतात, हा समज त्यानंच खोडून काढायला हवा.

तसा तो एकदा साऱ्या महाराष्ट्रानं खोडून काढलाही आहे. २००४ साली संदीप सावंत यांचा ‘श्वास’ आला. कोकणातला आजोबा नातवाचे डोळे दाखवायला पुण्याला येतो. निघतो तो डोळ्यांचा कर्करोग. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. ते ऑपरेशन लांबतं, तेव्हा आजोबा पोराला दवाखान्यातून गुपचूप बाहेर नेतो. अंधार यायच्या आधी त्याला जग डोळे भरून पाहू दे, एवढीच त्याची इच्छा. यात ना मारामारी, ना खलनायक. तरी माणसं घरच्यांना घेऊन गेली, डोळे पुसत बाहेर आली आणि शेजाऱ्यांनाही जा म्हणाली. ‘श्यामची आई’नंतर जवळजवळ ५० वर्षांनी ‘श्वास’नं मराठीला सुवर्णकमळ मिळवून दिलं. भारताकडून ऑस्करसाठी त्याची निवड झाली, तेव्हा तिकडच्या प्रचाराच्या खर्चाला सामान्य लोकांनी आपल्या खिशातून वर्गणी दिली. गंभीर सिनेमाला प्रेक्षक नाही म्हणणाऱ्यांनी ही आठवण ठेवावी.

काही चित्रपट मात्र खरोखरच चिकाटी मागतात. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा त्यांतला एक. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला, सुवर्णकमळ मिळालेला हा चित्रपट एप्रिल २०१५ मध्ये आपल्याकडे लागला. नारायण कांबळे नावाच्या वयस्क लोकशाहिरावर खटला भरला जातो. आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगारानं आत्महत्या केली. कॅमेरा लांब उभा राहतो, हलत नाही. वकील कायद्याची कलमं वाचतात, न्यायाधीश टंकलेखकाला मजकूर सांगतात, पुढची तारीख पडते. इथंच काही जण उठून जातात.

पण ज्यानं बांधाच्या वादापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्याला या संथपणात आपलं आयुष्य दिसतं. वाशीम १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणचं काम म्हणजे अकोल्याची वारी होती. पहाटेची एसटी, हातात कागदांची पिशवी, दिवसभर बाकावर बसणं आणि संध्याकाळी नुसती तारीख घेऊन परतणं, हे इथल्या कित्येक घरांनी भोगलं आहे. ‘कोर्ट’चा वेग हा त्या बाकावर बसलेल्या माणसाचा वेग आहे, हे एकदा ध्यानात आलं की चित्रपट पकड घेतो. सरकारी वकील बाई वाईट नाहीत. त्या लोकलनं घरी जातात, पोराला सोबत घेतात, स्वयंपाक करतात. गीतांजली कुलकर्णी यांनी हे काम इतकं साधेपणानं केलं आहे, की राग कुणावर काढायचा तेच कळेनासं होतं. प्रेक्षकाला या बुचकळ्यात टाकणं हेच या चित्रपटाचं मोठं काम. शेवटाकडे कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दालनातले दिवे मालवले जातात, आणि पडदा बराच वेळ काळोखा राहतो. त्या काळोखात मोबाइल न काढता बसून पाहावं.

लोकशाहीर झालेले वीरा साथीदार हे मूळचे विदर्भातले, नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. चळवळीत गाणाऱ्या माणसाची भूमिका चळवळीतल्याच माणसानं केली. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं त्यांना नागपुरातच नेलं.

आता भाषेबद्दल. मराठी पडद्यावरचं खेडं वर्षानुवर्षं कोल्हापूर-साताऱ्याकडचं राहिलं. पाटील तिकडचा, तमाशा तिकडचा, बोलीही तिकडची. वऱ्हाडी माणूस पडद्यावर आला तो बहुतेक वेळा हशा पिकवण्यासाठी. ही बोली रडू शकते, भांडू शकते, प्रेम करू शकते, याचा जणू कुणाला पत्ताच नव्हता. ‘गाभ्रीचा पाऊस’नं ती कोंडी फोडली. जयंत सोमलकर यांच्या ‘स्थळ’नं विदर्भाच्या बोलीला आणखी पुढं नेलं.

‘स्थळ’ टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये दाखवला गेला आणि महाराष्ट्रातल्या थिएटरांत मार्च २०२५ मध्ये लागला. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, तिथली खरी घरं, खरी माणसं, बहुतेक कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली. बोली चंद्रपूरकडची, वाशीमच्या वऱ्हाडीहून वेगळी, पण नात्यातली. सविता समाजशास्त्र शिकते आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. घरी कापसाला भाव नाही, आणि बापाच्या डोक्यात तिचं लग्न.

मग पाहुणे येतात. बैठकीत पुरुष ओळीनं बसतात. पोहे येतात, चहा येतो, सविता येऊन बसते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती? उत्तरं देऊन ती आत जाते. थोड्या दिवसांनी दुसरे पाहुणे, तेच पोहे, तेच प्रश्न. पहिल्या वेळी हसू येतं, कारण असे काका प्रत्येकाच्या नात्यात आहेत. पुढच्या वेळी हसू आवरतं. त्यानंतर प्रेक्षागृहातल्या पुरुषांना अवघडल्यासारखं होऊ लागतं, कारण त्यांतल्या पुष्कळांनी त्या ओळीत बसून पोहे खाल्लेले असतात. दिग्दर्शक उपदेशाचं एक वाक्यही बोलत नाही. तो फक्त तीच बैठक पुन्हा मांडतो. चित्रपटाच्या सुरुवातीला मात्र त्यानं एक गंमत केली आहे: सविताच्या स्वप्नात बायका बसल्या आहेत आणि मुलगा प्रश्नांना उत्तरं देतो आहे.

मंगरूळपीर किंवा मानोऱ्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी हा चित्रपट पाहायलाच हवा. पण कुठं? वाशीमहून अकोला ८० किलोमीटरच्या आसपास. असे चित्रपट मोठ्या गावात लागले तरी आठवडाभर, एखाद्या अडनिड्या वेळेच्या खेळापुरते. शेवटच्या एसटीचा हिशेब करून कुणी सिनेमाला जात नाही, मुली तर नाहीच. मग उरतो मोबाइल. त्यावर पाहणंही वाईट नाही, पण कानात तार घालून एकट्यानं पाहिलेल्या चित्रपटावर बोलायला समोर कुणी नसतं. आणि या चित्रपटांची अर्धी गोडी त्या बोलण्यातच असते. अलकानं दिनूला मागावर लावलं ते बरोबर केलं की नवऱ्याशी सरळ बोलायला हवं होतं? यावर घरातल्या सासू-सुनांत वाद झाला, तर चित्रपट खऱ्या अर्थानं पाहिला गेला.

गणपतीत चौकात पडदा बांधून सिनेमा दाखवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. आता बऱ्याच शाळांकडे प्रोजेक्टर आहे. सोयाबीनची सोंगणी आटोपली, दिवाळी झाली, की रात्री मोकळ्या असतात. तेव्हा गावातल्या वाचनालयानं किंवा मंडळानं निर्मात्यांची रीतसर परवानगी काढून ‘स्थळ’ दाखवावा. पुढच्या सतरंज्यांवर कॉलेजातल्या मुलींना बसवावं. चित्रपट संपला की लगेच दिवे लावून उठू नये, अर्धा तास बोलण्यासाठी ठेवावा. पहिलं बोलणं त्या मुलींचं असावं, आणि त्या बोलत असताना काका-मामांनी मध्ये बोलू नये.